दरीच्या कोपरावरची बाई

फार पूर्वी डोंगरांच्या एका खोल दरीत दोन वाड्या होत्या. एक दरीच्या वरच्या टोकाला, नदी उगम पावते तिथे. दुसरी खालच्या टोकाला. दोन्ही वाड्यांचं गोत एक, देव एक आणि नदीही एकच. पण एकीकडून दुसरीकडे जायचं तर डोंगर उतरून पुन्हा चढावा लागे आणि त्यात अर्धा दिवस जाई.

हाका मारून भागत नसे. दोन्ही बाजूंना उंच कडे होते. हाक मारली की ती या कड्यावरून त्या कड्यावर आपटे आणि पोचेपर्यंत तिचा नुसता गोंगाट उरे. शिवाय नदीचा घोंघाट असायचाच. माणसाचा आवाज त्यात बुडून जाई. शिळेचं तसं नव्हतं. शीळ बारीक आणि उंच. ती नदीच्या आवाजाच्या वरून सरळ निघून जाई आणि कोसभर लांबच्या माणसाच्या कानात शिरे. म्हणून त्या दरीतली माणसं शिळेत बोलायची. बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळेच.

एकदा सपाटीवरचा एक कासार बांगड्या भरायला वाडीवर आला होता. बाया शिळा घालतात हे पाहून तो हसला.

"आमच्याकडे बाईनं शीळ घातली तर लोक डोळे वटारतील," तो म्हणाला.

"मग तुमच्याकडे शेजारणीला बोलवतात कसं?" एकीनं विचारलं.

"बोलवायचं कशाला? आमची घरं एकमेकांना चिकटलेली. भिंतीआड पुटपुटलं तरी पलीकडे कळतं."

बायांना त्याचं नवल वाटलं. इतकं जवळ राहून माणसं भांडत कशी नाहीत, असं त्या आपसात बोलल्या.

या दरीत एकच अडचण होती. दरी मधोमध वळली होती, माणसाचा हात कोपरात दुमडावा तशी. त्यामुळे वरच्या वाडीची शीळ वळणापर्यंत यायची आणि कड्याला थडकून तिथेच संपायची. वळणाच्या खडकावर कुणीतरी बसून ती ऐकावी लागे आणि पुन्हा घालून पुढे धाडावी लागे. त्या खडकावर एक झोपडी होती. तिथे चांगुणा नावाची बाई राहायची.

हे काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. सासू गेली, मग नवराही गेला, पण काम राहिलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

सासूनं तिला एक नियम घालून दिला होता. "सुटा शब्द कधी सोडायचा नाही," ती सांगायची. "शीळ घालताना ओठ मिटता येत नाहीत, जीभ टाळूला लावता येत नाही. त्यामुळे शब्दातली अक्षरं गळतात आणि नुसता चढउतार उरतो. 'पाणी' म्हण नाहीतर 'गाणी' म्हण, शिळेत दोन्ही एकच. म्हणून पूर्ण बोलायचं. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, काय सांगतंय. आणि दोनदा सांगायचं."

चांगुणानं हा नियम बरीच वर्षं पाळला.

पण काम सोपं नव्हतं. पहाटे थंड वारा डोंगरावरून खाली उतरायचा. त्या वेळी वरचा निरोप खाली सहज जाई, अलगद फुंकलं तरी पुरे. ऊन तापलं की वारा उलटा फिरे, खालून वर चढू लागे. मग खालचा निरोप वर सहज जाई, पण वरचा खाली धाडायचा तर वाऱ्याच्या तोंडावर शीळ घालावी लागे. गाल फुगवून, पोट आत ओढून, तीन-तीनदा.

पूर्वी लोक हे जाणून वागत. खाली धाडायचे निरोप सकाळी आणि वर धाडायचे दुपारी, अशी रीत होती. पुढे ती मोडली. कोपरावर बाई बसलेलीच आहे म्हटल्यावर कुणालाही केव्हाही काहीही आठवू लागलं. भर दुपारी वरून शीळ यायची, "आमचा विळा तुमच्याकडे राहिलाय का?" खालून उत्तर जायचं, "बघून सांगतो." मग, "नाही सापडला." मग, "नीट बघा." मग, "सापडला." या एका विळ्यासाठी चांगुणाला पाचदा उठून उभं राहावं लागे.

हातातला घास खाली ठेवून ती उठायची. भाकरी करपायची. आजारी असली तरी शीळ यायचीच. उन्हाळ्यात ओठ फाटायचे, त्यांवर ती लोणी लावायची. पुढचा एक दात पडला तेव्हा शीळ फुसकी निघू लागली. मग तिनं जीभ वेगळी धरून पुन्हा पहिल्यापासून शीळ घालायला शिकून घेतलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा ती खालच्या वाडीच्या कारभाऱ्याकडे गेली. कारभारी म्हणजे वाडीचा मोठा माणूस, सगळ्यांचे तंटे सोडवणारा.

"कारभारी, माझ्या जोडीला कुणीतरी द्या," ती म्हणाली. "आठवड्यातून एक दिवस तरी. मला झोप नाही."

कारभारी वाईट माणूस नव्हता. पण त्याच्यापुढे दहा कामं होती. "अगं चांगुणा, आम्ही नांगर धरतो, लाकडं वाहतो," तो म्हणाला. "तू तर बसून फुंकर घालतेस. त्यात दमायला काय होतं? बघू, पावसाळा सरला की बघू."

ती वरच्या वाडीतही जाऊन आली. तिथेही लोकांनी गूळपाणी दिलं आणि बघू म्हणून सांगितलं.

घरी येताना ती वाटेत तीनदा बसली. झोपडीत शिरली तर दोन शिळा वाट बघत होत्या.

त्या दिवसापासून ती निरोप छाटू लागली. आधी दोनदा सांगायचं ते एकदा सांगू लागली. मग कोण सांगतंय ते गाळलं, मग कुणाला ते गाळलं. हळूहळू एकच शब्द उरला. 'विळा.' 'मीठ.' 'पाहुणे.' आणि नवल म्हणजे काही बिघडलं नाही. लोक अंदाजानं समजून घेत. ज्याचा विळा हरवला होता त्याला विळा कळे. चांगुणाला वाटलं, सासूनं उगीचच इतका दम घालवला.

त्या वर्षी पाऊस फार झाला. वरच्या वाडीच्या खालच्या अंगाला दरड कोसळून नदी अडली आणि मागे मोठं तळं साचलं. खाली नदीला पाणी कमी झालं. पात्रातले खडक उघडे पडले. लोक म्हणाले, बरंच झालं, यंदा गौरी आणायला पात्रात सहज उतरता येईल.

त्या दरीत गौरी आणायची रीत अशी होती. बाया नदीच्या पात्रात उतरायच्या, पाण्यातले पाच खडे उचलायच्या आणि गाणी म्हणत घरी न्यायच्या. दोन्ही वाड्यांची गाणी एकाच वेळी सुरू व्हायची. वरच्या वाडीनं आधी सुरू करायची आणि शिळेनं खाली कळवायचं. मग खालच्यांनी सूर धरायचा.

सणाचा दिवस उजाडला. पहाटेपासून शिळांना खंड नव्हता. कुणाला तेरड्याची फुलं हवी होती, कुणाची लेक वाटेत होती, कुणाला नारळ कमी पडले होते. सकाळीच खालच्या बायांनी वर निरोप धाडला होता, "आम्ही दुपारी पात्रात उतरून थांबतो. तुमची गाणी सुरू झाली की सांगा." चांगुणानं तोही निरोप वर दिला आणि पुढच्या निरोपाकडे वळली. दुपारपर्यंत साठाच्या वर निरोप झाले. त्यांतले निम्मे वारा फिरल्यावर खाली धाडायचे होते. तिच्या खालच्या ओठाला चीर पडली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. नारळांचे आणि फुलांचे निरोप एकमेकांत मिसळून डोक्यातून कधीच गेले होते.

चुलीपाशी टेकून तिनं डोळे मिटले, तेवढ्यात वरून शीळ आली. वरच्या वाडीचा गुराखी लखमा बोलत होता. त्यानं नियमाप्रमाणे सगळं सांगितलं.

"वरच्या वाडीचा लखमा सांगतो. खालच्या वाडीनं ऐका. दरड फुटली. नदीला मोठं पाणी सुटलंय. पात्रातून वर चढा."

चांगुणा उठली. खडकाच्या टोकाशी गेली. खालून वारा तोंडावर येत होता. एवढं सगळं तीनदा म्हणायला छातीत दम नव्हता. घाईही होती. आणि सवय लागली होती. पावसाचे दिवस, नदीकाठची वाडी, पाणी म्हटलं की कळेलच, असं तिला वाटलं.

तिनं एकच शब्द घातला. "पाणी!"

खालून लगेच उत्तर आलं. "कळलं, कळलं!"

ती मटकन खाली बसली. काम झालं होतं.

मग वाऱ्याबरोबर खालून काहीतरी येऊ लागलं. आधी तिला कळेना. कान देऊन ऐकलं. बाया गात होत्या. पन्नास-साठ बाया पात्रात उभ्या राहून गौरीची गाणी गात होत्या.

सकाळचा निरोप तिला आठवला.  बाया गाण्यांची वाट बघत होत्या, म्हणून त्यांना 'पाणी'चं 'गाणी'च ऐकू आलं होतं.

ती उभी राहिली आणि तिनं पूर्ण निरोप घातला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. गाणी थांबली नाहीत. वारा तोंडावर, आणि खाली बाया आपल्याच आवाजात रंगलेल्या. तिनं पुन्हा घातला. ओठाची चीर फाटली, हनुवटीवर रक्त आलं. तिनं तिसऱ्यांदा घातला. वरच्या अंगानं, दरीच्या आतून, खडक घरंगळल्यासारखा आवाज तिला आता ऐकू येत होता. तिनं चौथ्यांदा घातला.

खालच्या वाडीत हौसा नावाची म्हातारी सुईण होती. वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती पात्रात न उतरता काठावर बसली होती. ती गातही नव्हती, तिला दम लागे. तिच्या कानावर शिळेचं एक टोक आलं. शब्द कळले नाहीत. पण शीळ लांब होती. कितीतरी महिन्यांत कोपरावरून इतकी लांब शीळ आली नव्हती.

हौसा उठून उभी राहिली, कानामागे हात धरला आणि पुढचं ऐकलं. नदीला. मोठं. पाणी.

ती ओरडली. कुणी ऐकेना. तेव्हा ती काठी टेकत त्या गुडघ्यांनी पात्रात उतरली आणि समोर दिसेल त्या बाईच्या पाठीत काठी हाणू लागली. "चढा गं! पाणी आलंय! खडे टाका, पोरं उचला आणि चढा!"

बाया चढल्या. कुणाचा तांब्या गेला, कुणाची चप्पल गेली, पण एकूण एक बाई वर चढली. सगळ्यांत शेवटी हौसा होती. ती निम्म्या चढावर असताना पाणी आलं, चिखलाचं, झाडं घेऊन आलेलं. त्यानं तिला उचलून खडकावर आपटलं. दोघी जणींनी तिचा पदर आणि दंड धरून ठेवला म्हणून ती वाचली. पण तिचा उजवा पाय मांडीत मोडला. तो पुन्हा कधी नीट जुळला नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या कोपरावरच्या खडकाकडे निघाल्या. इतकी माणसं त्या खडकावर कधीच आली नव्हती. बऱ्याच जणांनी ती झोपडी जवळून पहिल्यांदाच पाहिली. हौसालाही घोंगडीच्या झोळीत घालून आणलं होतं. मला न्याच, म्हणून ती हटून बसली होती.

चांगुणा दारात उभी होती. ओठ सुजलेला.

"लखमानं पूर्ण निरोप दिला होता?" कारभाऱ्यानं विचारलं.

"दिला होता."

"तुला पूर्ण ऐकू आला होता?"

"आला होता."

"मग एकच शब्द का धाडलास?"

"दमले होते, कारभारी."

लोकांत कुजबुज झाली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "साठ बाया मेल्या असत्या, आणि ही म्हणते दमले होते!"

"खरं आहे," चांगुणा म्हणाली. "माझंच चुकलं. तुम्ही द्याल ती शिक्षा घेईन. पण उद्यापासून या खडकावर दुसरं कुणीतरी बसवा. माझ्यानं आता होणार नाही."

 जो मोठ्यानं बोलला होता तो खाली बघू लागला.

झोळीतून हौसा बोलली. "चांगुणा, इकडे ये."

चांगुणा जवळ जाऊन बसली.

"मला तुझा राग आलाय," हौसा म्हणाली. "तुझ्या एका शब्दानं माझा पाय गेला. राग जाईल असं मी म्हणत नाही. गेला तर गेला." मग ती लोकांकडे वळली. "पण मी सुईण आहे. एका बाळंतिणीपाशी तीन दिवस जागले की चौथ्या दिवशी दुसरीकडून बोलावणं आलं तरी मी जात नाही. तेव्हा हात चुकतो, हे मला ठाऊक आहे. मला 'नाही' म्हणता येतं, कारण वरच्या वाडीत दुसरी सुईण आहे. या बाईनं कुणाला 'नाही' म्हणायचं? ती तुमच्या दारात आली होती ना कारभारी?"

कारभाऱ्याचं तोंड उतरलं. "आली होती," तो म्हणाला. तो खडकाच्या टोकापर्यंत जाऊन आला. "उद्या मी बसतो इथे," तो शेवटी म्हणाला. "मग काय ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कारभारी खडकावर येऊन बसला. चांगुणा झोपडीत होती, पण त्यानं तिला बाहेर येऊ दिलं नाही. सकाळी वारा खाली जात होता, त्याला बरं वाटलं. उन्हं चढेपर्यंत वीस निरोप झाले. वारा फिरला. वरून कुणीतरी चाळणीबद्दल विचारलं. त्यानं गाल फुगवून तीनदा घातलं. मग त्याच चाळणीबद्दल पुन्हा चारदा. त्यानं फडक्यातली भाकरी सोडली आणि बांधून ठेवली, पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. दुपारी त्याचे ओठ झोंबू लागले. कान बधिर झाले, दरीत पाखरू ओरडलं तरी त्याला ती शीळच वाटे.

दिवस कलताना खालून एक निरोप आला. खालच्या वाडीच्या धनगराची पांढऱ्या कानाची शेळी वर आली आहे का, असेल तर बांधून ठेवा. वाऱ्याची साथ होती, काम सोपं होतं. तरी त्यानं वर एवढंच घातलं, "शेळी."

वरच्या वाडीतल्या तिघांनी आपापल्या शेळ्या मोजल्या आणि दोघं जण नसलेली शेळी शोधायला रानात गेले.

हे कळलं तेव्हा कारभारी कपाळाला हात लावून बसला. त्याला कुणी पकडलं नव्हतं. कुणाला ते कळलंही नसतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही वाड्यांपुढे ते आपण होऊन सांगितलं.

"मी नांगर धरलेला माणूस," तो म्हणाला. "एका दिवसात मी शब्द गाळले. ही सव्वीस वर्षं बसली होती. तिनं मागितलं ते मी तेव्हाच दिलं असतं, तर हौसाबाईचा पाय शाबूत असता. ही चूक माझीही आहे."

त्या दिवशी ठरलं, की दोन्ही वाड्यांतून चार-चार माणसांनी पाळीपाळीनं खडकावर बसायचं, कुणीही दोन दिवसांहून जास्त नाही. वारा उलटा असताना विळा-चाळणी विचारायची नाही. निरोप पूर्ण घालायचा, आणि ज्याला मिळाला त्यानं तो तसाच पूर्ण परत घालून दाखवायचा. चांगुणाची पाळी महिन्यातून एकदा. तिला शिक्षा काय, असं कुणी विचारलं नाही.

तिनं स्वतःच एक काम अंगावर घेतलं. ती खालच्या वाडीत हौसाच्या घरी जाऊ लागली. पाणी भरायची, मोडक्या पायाला तेल लावायची. पहिले काही दिवस हौसा तिच्याशी बोलली नाही. तेल लावून झालं की तोंड भिंतीकडे करायची. चांगुणा भांडी घासून परत जायची.

महिना झाला असेल. एके दुपारी तेल लावून झालं आणि चांगुणा ओटीवर हौसाशेजारी जरा टेकली. टेकली ती तिथेच आडवी झाली. कोपरावरून शीळ आली. वाडीतली माणसं हातातलं काम थांबवून ऐकू लागली. शीळ लांब आणि पूर्ण होती. खालून कुणीतरी ती तशीच परत घालून दाखवली.

"चांगुणे, काय म्हणतायत गं?" हौसानं विचारलं.

चांगुणानं डोळे उघडले नाहीत. "ठाऊक नाही, मावशी," ती झोपेतच पुटपुटली. "मी ऐकलंच नाही."

हौसानं तिच्याकडे बघितलं. मग पायावरची घोंगडी काढून तिनं ती हळूच तिच्या अंगावर टाकली, आणि दारातून कुणी आत येऊ लागलं तेव्हा तोंडावर बोट ठेवलं.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या खांद्यावरून सगळ्यांचे शब्द जातात, त्यानं दमलो म्हटलं की त्याच दिवशी ऐकावं, आणि दमलेल्यानंही जिवावरच्या निरोपातला एक शब्दही गाळू नये.